कामांच्या नियोजनाचे ॲप अनेक प्लॅटफॉर्मवर करताना साधनांच्या आधी काय ठरवावे

प्रश्न थोडक्यात असा आहे. तीन जणांच्या चमूला कामांचे नियोजन करणारे ॲप तयार करायचे आहे. ते अँड्रॉइड, आयओएस, विंडोज, मॅक आणि ब्राउझर अशा पाचही ठिकाणी चालले पाहिजे. इंटरनेट नसतानाही कामे नोंदवता, बदलता आणि पूर्ण झाल्याची खूण करता आली पाहिजे. याद्या इतरांबरोबर वाटून घेता याव्यात, ठरावीक काळाने पुन्हा येणारी कामे नोंदवता यावीत आणि स्मरणसूचना वेळेवर वाजाव्यात, अशीही अपेक्षा आहे. चमूचा हात टाइपस्क्रिप्ट या प्रोग्रामिंग भाषेवर आणि वेबवर चांगला बसलेला आहे, मोबाइलचा अनुभव मात्र थोडा आहे. अशा वेळी ॲप बांधण्याच्या साधनांमधून फ्लटर, रिअ‍ॅक्ट नेटिव्ह, कोट्लिन मल्टिप्लॅटफॉर्म, इलेक्ट्रॉन आणि टाउरी यांपैकी काय निवडावे, असे विचारले आहे.

थेट उत्तर आधी देतो. या चमूने मोबाइलसाठी रिअ‍ॅक्ट नेटिव्ह घ्यावे, ब्राउझरसाठी नेहमीच्या पद्धतीचे वेब ॲप लिहावे आणि तेच वेब ॲप डेस्कटॉपवर टाउरीच्या किंवा इलेक्ट्रॉनच्या कवचात बसवावे. नोंदी, सिंक (सर्व उपकरणांवरच्या नोंदी एकसारख्या ठेवणे) आणि पुनरावृत्तीचे नियम यांचा गाभा मात्र पडद्याशी, म्हणजे डोळ्यांना दिसणाऱ्या भागाशी, कसलाही संबंध नसलेल्या एका स्वतंत्र टाइपस्क्रिप्ट पॅकेजमध्ये ठेवावा. हे उत्तर कसे निघाले ते समजून घेणे अधिक महत्त्वाचे आहे, कारण चमू किंवा गरज बदलली की साधन बदलेल, पण त्याच्या आधी करायचा विचार बदलणार नाही. अशा ॲपमध्ये पडदा हा सर्वांत सोपा भाग असतो. यादी, चौकोनातली खूण, तारीख निवडण्याची खिडकी हे सगळे वरीलपैकी कोणतेही फ्रेमवर्क चांगले करते. वापरणाऱ्याचा विश्वास तुटतो तो दोन उपकरणांवर वेगवेगळी यादी दिसल्याने, पूर्ण केलेले काम पुन्हा जिवंत झाल्याने किंवा सूचना न वाजल्याने, आणि या तिन्ही दोषांचे मूळ पडद्याच्या खाली असते.

म्हणून सुरुवात नोंदीच्या रचनेपासून करावी. इंटरनेट नसताना नोंद तयार व्हायची असेल, तर तिचा ओळख क्रमांक सर्व्हरकडे मागता येत नाही. तो उपकरणावरच तयार व्हावा लागतो आणि तरीही इतर कुठल्याही उपकरणावरच्या क्रमांकाशी जुळता कामा नये. यासाठी यूयूआयडी या, कुठेही पुन्हा न येणाऱ्या ओळख क्रमांकाच्या प्रकाराची सातवी आवृत्ती वापरावी. मे २०२४ मध्ये आरएफसी ९५६२ या इंटरनेट-प्रमाणाच्या दस्तऐवजाने प्रमाणित केलेल्या या प्रकारात सुरुवातीचे ४८ बिट मिलिसेकंदांतील वेळेचे असतात. त्यामुळे नव्या नोंदी डेटाबेसच्या इंडेक्समध्ये एकमेकींच्या शेजारी बसतात आणि पूर्णपणे यादृच्छिक क्रमांकांमुळे लेखन जसे विखुरते तसे विखुरत नाही.

खोडलेली नोंद तक्त्यातून लगेच काढून टाकू नये. ती खोडल्याची वेळ लिहून ठेवावी. नोंद खरोखर नाहीशी केली, तर आठवडाभर बंद असलेला दुसरा फोन जागा झाल्यावर ती नोंद नवीच आहे असे समजून पुन्हा वर पाठवतो, आणि खोडलेले काम परत येते. खोडल्याच्या या खुणा किती काळ जपायच्या हे धोरण म्हणून ठरवावे लागते. त्या मुदतीपेक्षा जास्त काळ संपर्काबाहेर राहिलेल्या उपकरणाने संपूर्ण यादी सर्व्हरवरून नव्याने उतरवून घ्यावी आणि त्याच्याकडचे न पाठवलेले बदल तेवढे वेगळे तपासावेत.

मुदतीचा प्रश्न दिसतो त्यापेक्षा नाजूक आहे. ‘शुक्रवारपर्यंत’ ही केवळ तारीख असते. ‘रोज सकाळी ७ वाजता औषध’ ही वेळ माणूस जिथे असेल तिथल्या घड्याळाची असते. ‘मंगळवारी ४ वाजता तिघांची बैठक’ हा मात्र एका विशिष्ट कालविभागाशी बांधलेला क्षण असतो. हे तीन निरनिराळे प्रकार आहेत आणि ते तीन प्रकार म्हणूनच साठवले पाहिजेत. सगळ्यांचे रूपांतर यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत करून एकाच स्तंभात भरण्याची सवय सर्व्हरच्या कामात उपयोगी पडते, पण इथे ती घात करते: ‘शुक्रवार’ ही तारीख यूटीसीमधली मध्यरात्र म्हणून साठवली, तर ग्रिनिचच्या पश्चिमेला राहणाऱ्याला ती गुरुवार म्हणून दिसते. तिसऱ्या प्रकारातही स्थानिक वेळ आणि कालविभागांची यादी सांभाळणाऱ्या आयाना या संस्थेच्या यादीतले कालविभागाचे नाव असे दोन्ही साठवावे; केवळ तासांचा फरक साठवून भागत नाही. वेगवेगळ्या देशांची सरकारे उन्हाळी वेळेचे नियम बदलत असतात आणि त्यानुसार ही यादी दरवर्षी सुधारली जाते. सहा महिन्यांनंतरच्या बैठकीचा यूटीसी क्षण आज काढून ठेवला, तर मधल्या काळात नियम बदलल्यावर तो चुकीचा ठरतो.

यादीतला क्रम हाताने बदलण्याची सोय द्यायची असेल, तर १, २, ३ असे क्रमांक देऊ नयेत, कारण एक काम वर सरकवले की खालच्या सगळ्या नोंदी बदलतात आणि सिंकमध्ये त्या सगळ्याच भांडू लागतात. दोन शेजाऱ्यांच्या मधली किंमत नव्या जागेला देण्याची पद्धत इथे योग्य आहे. मात्र ही किंमत दशांश अपूर्णांक म्हणून ६४ बिटांच्या संख्येत ठेवली, तर एकाच फटीत सुमारे ५० वेळा काम घातल्यावर अचूकता संपते आणि दोन नोंदींना एकच जागा मिळते. म्हणून ही किंमत अक्षरांची साखळी (स्ट्रिंग) म्हणून ठेवावी, कारण ती हवी तेवढी वाढवता येते. दोन उपकरणांनी एकाच वेळी एकाच फटीत काम घातले तर दोघांची किंमत सारखी येऊ शकते. अशा वेळी ओळख क्रमांकावरून क्रम ठरवावा, म्हणजे सर्व उपकरणांवर यादी सारखीच दिसेल.

साठवणुकीसाठी एसक्यूलाइट हा उपकरणावरच एका फाइलमध्ये चालणारा डेटाबेस हेच उत्तर आहे, आणि याबाबत मला फारशी शंका वाटत नाही. २००० सालापासून विकसित होत असलेला हा डेटाबेस पाचही ठिकाणी मिळतो. ब्राउझरमध्येही २०२२ च्या अखेरीस त्याची अधिकृत वेबअसेम्ब्ली (ब्राउझरमध्ये वेगाने चालणाऱ्या कोडच्या रूपातली) आवृत्ती आली, आणि ती ब्राउझरच्या खासगी फाइलव्यवस्थेत डेटा कायम ठेवू शकते. तिथे दोन अडचणी लक्षात ठेवाव्यात. एक म्हणजे त्या फाइलचा वेगवान ताबा एका वेळी एकाच टॅबला मिळतो, त्यामुळे अनेक टॅब उघडे असतील तर त्यांतला एक प्रमुख ठरवून बाकीच्यांनी त्याच्यामार्फत वाचन-लेखन करावे लागते. दुसरी अडचण अधिक गंभीर आहे: सफारी २०२० पासून, वापरणाऱ्याने सात दिवस ज्या संकेतस्थळाशी काही व्यवहार केला नाही, त्याने साठवलेला डेटा पुसून टाकते, होम स्क्रीनवर बसवलेल्या वेब ॲपला यातून सूट आहे. म्हणून ब्राउझरमधला साठा हा तात्पुरता समजावा आणि तिथला प्रत्येक बदल शक्य तितक्या लवकर सर्व्हरवर पोहोचवावा.

एसक्यूलाइटच्या शोधसुविधेबद्दल एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो, कारण ती फार उशिरा लक्षात येते. एफटीएस५ या त्याच्या शोधसुविधेचा मूळ शब्दविभाजक युनिकोडमधली अक्षरे आणि अंक एवढेच शब्दाचे घटक मानतो. देवनागरीतल्या मात्रा, अनुस्वार आणि हलन्त युनिकोडच्या वर्गीकरणात अक्षरे म्हणून येत नाहीत, तर जोडचिन्हे म्हणून येतात, त्यामुळे शब्द मात्रेपाशी तुटतात आणि शोधाचे निकाल विचित्र येतात. विभाजकाला जोडचिन्हांचे वर्गही शब्दाचा भाग माना असे सांगता येते किंवा तीन-तीन चिन्हांचे तुकडे करणारा विभाजक वापरता येतो. रोमन लिपीतच चाचण्या घेणाऱ्या चमूला हा दोष दिसतच नाही.

आता सिंक. प्रत्येक बदल आधी उपकरणावरच्या डेटाबेसमध्ये लिहावा, त्याच व्यवहारात (ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे दोन्ही लेखने होतील नाहीतर एकही होणार नाही अशा रीतीने) तो ‘पाठवायचे बदल’ अशा वेगळ्या तक्त्यातही नोंदवावा, आणि संपर्क मिळाल्यावर तिथून क्रमाने सर्व्हरकडे जावा. पडद्याने सर्व्हरची वाट कधीही पाहू नये. प्रत्येक बदलाला स्वतःचा क्रमांक द्यावा, म्हणजे उत्तर पोहोचण्याआधी संपर्क तुटला आणि तोच बदल पुन्हा पाठवला गेला, तरी सर्व्हर तो दुसऱ्यांदा लागू करणार नाही. बदल संपूर्ण नोंदीचा पाठवू नये, ज्या रकान्यात फरक झाला त्याचाच पाठवावा. एकाने विमानात बसून कामाचे शीर्षक सुधारले आणि त्याच वेळी दुसऱ्याने मुदत पुढे ढकलली, तर दोन्ही बदल टिकले पाहिजेत. संपूर्ण नोंद पाठवणाऱ्या रचनेत नंतर पोहोचलेला बदल आधीचा बदल गिळून टाकतो आणि कोणालाही त्याचा पत्ता लागत नाही.

एकाच रकान्यात दोघांनी बदल केला, तर नंतरचा बदल ग्राह्य धरावा. ‘नंतरचा’ कोणता हे फोनच्या घड्याळावरून ठरवू नये, कारण घड्याळे चुकतात आणि लोक ती हाताने बदलतात. लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९७८ मध्ये मांडलेली, खऱ्या वेळेऐवजी घटनांचा क्रम मोजणाऱ्या तार्किक घड्याळाची कल्पना आणि २०१४ मध्ये पुढे आलेले संकरित तार्किक घड्याळ यांचा उपयोग इथे होतो. संकरित घड्याळात खऱ्या वेळेबरोबर एक गणक ठेवतात आणि दुसऱ्या उपकरणाकडून पुढची वेळ आली की स्वतःचे घड्याळही तिच्या पुढे नेतात. ज्या उपकरणाची वेळ सर्व्हरच्या वेळेपेक्षा अवाजवी पुढे आहे त्याचे बदल सर्व्हरने वेळ कापून स्वीकारावेत. नाहीतर पुढच्या वर्षाची तारीख लावलेला एक फोन वर्षभर सगळ्यांवर मात करत राहील.

२०११ मध्ये औपचारिक व्याख्या मिळालेल्या सीआरडीटी या, वेगवेगळ्या उपकरणांवरचे बदल आपोआप एकत्र जुळवणाऱ्या रचनांबद्दल हल्ली बरेच बोलले जाते, आणि त्यांसाठीच्या वायजेएस किंवा ऑटोमर्ज या तयार कोडच्या लायब्ररी उत्तम आहेत. तरीही संपूर्ण ॲप त्यांवर उभे करावे असे मला वाटत नाही. कामाच्या नोंदी लहान, रकानेवार आणि एका सर्व्हरभोवती फिरणाऱ्या असतात. त्यांना वरची साधी पद्धत पुरते, आणि ती पद्धत बिघडली तर एसक्यूएल या डेटाबेसला प्रश्न विचारण्याच्या भाषेची दोन वाक्ये लिहून काय झाले ते पाहता येते. दोन माणसे कामाखालच्या लांब टिपणात एकाच वेळी लिहिणार असतील, तर फक्त तेवढ्या रकान्यासाठी सीआरडीटी वापरावे.

खाली येणाऱ्या बदलांत एक सापळा आहे आणि तो मी अनुभवी चमूंच्या कोडमध्येही पाहिला आहे. उपकरण सर्व्हरला ‘या क्रमांकानंतरचे सगळे बदल दे’ असे विचारते, आणि हा क्रमांक सहसा सर्व्हरवरच्या पोस्टग्रेस या डेटाबेसच्या क्रमजनकातून येतो. परंतु क्रमांक मिळण्याचा क्रम आणि व्यवहार पूर्ण होण्याचा क्रम एकच नसतो. १०१ क्रमांक मिळालेला व्यवहार रेंगाळला आणि १०२ चा आधी पूर्ण झाला, तर त्या क्षणी विचारणारे उपकरण १०२ पर्यंत आपल्याकडे सर्व आले असे समजते. नंतर १०१ पूर्ण होतो आणि त्या उपकरणाला तो कधीच मिळत नाही. हा दोष गर्दीच्या वेळीच, क्वचित उमटतो, म्हणून शोधायला फार कठीण जातो. प्रत्येक सामायिक यादीसाठी स्वतंत्र गणक ठेवावा आणि बदल लिहिताना त्याच व्यवहारात त्या गणकाच्या ओळीला कुलूप लावून तो वाढवावा, म्हणजे एका यादीतले बदल क्रमांकाच्याच क्रमाने दृश्य होतात. लेखनाचा वेग यामुळे थोडा घटतो, पण एका यादीत लिहिणारी माणसे मोजकीच असतात.

पुनरावृत्तीसाठी स्वतःची भाषा शोधू नये. २००९ च्या आरएफसी ५५४५ मध्ये, म्हणजे आयकॅलेंडरच्या प्रमाणात, पुनरावृत्तीचे नियम लिहिण्याची पद्धत पूर्ण दिलेली आहे आणि तिच्यामुळे इतर दिनदर्शिकांशी देवाणघेवाणही सोपी होते. त्या नियमांचे बारकावे मात्र वाचून घ्यावेत. ३१ जानेवारीपासून दरमहा असे काम लावले, तर प्रमाणानुसार अस्तित्वात नसलेल्या तारखा वगळल्या जातात, म्हणजे फेब्रुवारी, एप्रिल, जून या महिन्यांत ते काम येतच नाही. वापरणाऱ्याला सहसा ‘महिन्याचा शेवटचा दिवस’ अभिप्रेत असतो आणि तो नियम वेगळा लिहावा लागतो. ‘काम पूर्ण झाल्यापासून दहा दिवसांनी पुन्हा’ हा प्रकार तर या प्रमाणात बसतच नाही, कारण तो दिनदर्शिकेवर चालत नाही, माणसाच्या कृतीवर चालतो. झाडांना पाणी घालणे, गाळणी बदलणे अशा कामांना नेमका तोच लागतो. त्यासाठी स्वतंत्र रकाना ठेवावा आणि प्रमाणात जबरदस्तीने कोंबू नये.

पुनरावृत्ती आणि सिंक जिथे एकत्र येतात तिथे खरी कसोटी लागते. दोघांनी संपर्काबाहेर असताना एकच साप्ताहिक काम पूर्ण केल्याची खूण केली, तर दोन्ही उपकरणे पुढच्या आठवड्याचे काम तयार करतात आणि सिंकनंतर यादीत एकसारखी दोन कामे दिसतात. यावर उपाय असा, की दिनदर्शिकेवर चालणाऱ्या मालिकेत पुढच्या कामाचा ओळख क्रमांक यादृच्छिक घेऊ नये, तो मालिकेचा क्रमांक आणि नियोजित तारीख यांवरून काढावा. यूयूआयडीची पाचवी आवृत्ती याच कामासाठी आहे. मग दोन्ही उपकरणांवर तोच क्रमांक तयार होतो आणि दोन नोंदी आपोआप एक होतात. पूर्ण झाल्यापासून मोजायच्या कामांत पुढची तारीख दोघांकडे वेगळी येऊ शकते, म्हणून तिथे तारखेऐवजी पूर्ण केलेल्या कामाचा क्रमांक वापरावा. एवढी एक गोष्ट पहिल्या दिवशी ठरवली, तर पुढचे कितीतरी दोष जन्मालाच येत नाहीत.

स्मरणसूचनांपाशी आल्यावर प्लॅटफॉर्मचे वेगळेपण लपवता येत नाही, आणि साधनाच्या निवडीवर याच भागाचा सर्वाधिक परिणाम होतो. आयओएस एका ॲपच्या पुढे वाजायच्या जास्तीत जास्त ६४ स्थानिक सूचनाच लक्षात ठेवते. शंभर कामांच्या सूचना एकदम लावल्या, तर वेळेने जवळच्या ६४ राहतात आणि उरलेल्या गळतात. म्हणून फक्त जवळच्या सूचना लावाव्यात आणि ॲप उघडल्यावर, सिंक झाल्यावर आणि पार्श्वभूमीत संधी मिळेल तेव्हा लावलेल्या सूचनांचा हा टप्पा पुढे सरकवावा. अँड्रॉइडवर अडचणी निराळ्या आहेत. २०१५ च्या सहाव्या आवृत्तीपासून फोन स्वस्थ पडून असताना ॲपची कामे मागे ढकलली जातात. २०२१ च्या बाराव्या आवृत्तीपासून नेमक्या वेळेच्या गजरासाठी खास परवानगी लागते. तेराव्या आवृत्तीपासून सूचना दाखवण्यासाठीच वापरणाऱ्याची संमती घ्यावी लागते. आणि चौदाव्या आवृत्तीत, तेराव्या किंवा पुढच्या आवृत्तीसाठी बांधलेल्या व नव्याने बसवलेल्या बहुतेक ॲपना नेमक्या गजराची परवानगी मुळात दिलेलीच नसते. आपोआप मिळणारी दुसरी परवानगी गूगल प्लेने गजर आणि दिनदर्शिकेच्या ॲपपुरती राखली आहे, त्यामुळे कामांच्या ॲपने तिच्यावर विसंबू नये. शिवाय फोन बंद करून सुरू केला की लावलेले गजर पुसले जातात आणि ॲपने ते पुन्हा लावावे लागतात.

परवानगी मागण्याची वेळही विचारपूर्वक निवडावी. ॲप पहिल्यांदा उघडताच मागितलेली परवानगी लोक नाकारतात. वापरणाऱ्याने एखाद्या कामाला वेळ लावली, त्याच क्षणी ती मागितली तर कारण त्याच्या डोळ्यांसमोर असते. ती नाकारली गेली, तर सूचना उशिरा येऊ शकते असे त्या कामाशेजारीच स्पष्ट लिहावे.

ब्राउझरमध्ये, टॅब बंद असताना ठरावीक वेळी स्वतःहून वाजेल अशी सूचना लावण्याची भरवशाची सोय नाही. सर्व्हरकडून पुश संदेश, म्हणजे ॲप बंद असतानाही उपकरणावर येणारा संदेश, पाठवणे हाच मार्ग आहे. आयओएसवर वेब ॲपला हा पुश संदेश मार्च २०२३ मधल्या १६.४ आवृत्तीपासून मिळतो, आणि तोही ॲप होम स्क्रीनवर बसवले असेल तरच. त्यामुळे सर्व्हरवरही सूचनांचे वेळापत्रक ठेवावे लागते, आणि मग एकच सूचना फोनवर स्थानिक म्हणून व सर्व्हरकडून पुश म्हणून दोनदा वाजण्याचा धोका येतो. ज्या उपकरणाने नुकतेच सिंक करून आपल्या स्थानिक सूचना लावल्याचे कळवले आहे, त्याला सर्व्हरने पुश पाठवू नये, हा नियम मला सर्वांत उपयोगी वाटतो. एका उपकरणावर काम पूर्ण केल्यावर दुसऱ्यावरची सूचना रद्द व्हावी यासाठी मूक पुश, म्हणजे वापरणाऱ्याला न दिसणारा संदेश, पाठवता येतो. आयओएस तो पोहोचवण्याची हमी देत नाही, त्यामुळे सूचनेवर टिचकी मारताच कामाची ताजी स्थिती तपासावी.

आता साधनांकडे वळू. फ्लटरची पहिली स्थिर आवृत्ती डिसेंबर २०१८ मध्ये आली. वेबचा स्थिर आधार मार्च २०२१ मध्ये आणि विंडोज, मॅक व लिनक्सचा २०२२ मध्ये मिळाला. ते प्रत्येक बटण स्वतः रंगवते, त्यामुळे सर्वत्र एकसारखे दिसते आणि मोबाइलवर व डेस्कटॉपवर समाधानकारक चालते. ब्राउझरमध्येही मात्र सगळा पडदा कॅन्व्हासवर, म्हणजे चित्रासारखा, रंगवला जातो. एचटीएमएल घटक वापरणारी जुनी पद्धत २०२५ मध्ये काढून टाकण्यात आली. परिणामी मजकूर निवडणे, पानात शोधणे आणि दृष्टिहीनांना मजकूर वाचून दाखवणाऱ्या पडदा-वाचकाचा आधार या गोष्टी, ज्या साध्या वेब पानाला फुकट मिळतात, त्या तिथे कमी पडतात. तुमच्या वापरणाऱ्यांचा मोठा भाग ब्राउझरमध्ये दिवसभर यादी उघडी ठेवणारा असेल, तर हे मोल फार जड आहे. ब्राउझर दुय्यम असेल आणि चमू फ्लटरची डार्ट ही भाषा शिकायला तयार असेल, तर मी फ्लटर आनंदाने सुचवीन.

रिअ‍ॅक्ट नेटिव्ह २०१५ मध्ये खुले झाले आणि ऑक्टोबर २०२४ च्या ०.७६ आवृत्तीपासून त्याची नवी अंतर्गत रचना मूळ रचना ठरली. पूर्वी जावास्क्रिप्ट आणि मूळ प्लॅटफॉर्म यांच्यात प्रत्येक संदेश मजकुरात रूपांतरित होऊन जात असे. आता दोन्ही बाजू एकमेकींना थेट हाक मारू शकतात, आणि एसक्यूलाइटमधून हजार ओळी वाचून यादी दाखवताना हा फरक जाणवतो. टाइपस्क्रिप्ट येणाऱ्या चमूसाठी निर्णायक गोष्ट ही, की वर सांगितलेला सगळा गाभा एकदाच लिहून फोन, ब्राउझर, डेस्कटॉप आणि सर्व्हर अशा चारही ठिकाणी वापरता येतो. पुनरावृत्तीचा नियम सर्व्हरवर एका भाषेत आणि फोनवर दुसऱ्या भाषेत लिहिला, तर त्यांच्यात कधी ना कधी एका दिवसाचा फरक पडतोच. मोबाइलचा अनुभव कमी असल्याने एक्स्पो हा त्यावरचा तयार साधनसंच वापरून सुरुवात करावी.

कोट्लिन मल्टिप्लॅटफॉर्म नोव्हेंबर २०२३ मध्ये स्थिर झाले आणि कंपोझ या त्याच्या पडदा रचण्याच्या साधनाचा आयओएसवरचा आधार मे २०२५ मध्ये. ज्या चमूकडे अँड्रॉइडचे कुशल लोक आहेत आणि आयओएसचा पडदा ॲपलच्या स्विफ्टयूआय या साधनातच हवा आहे, त्यांच्यासाठी ही सर्वांत नेटकी वाट आहे. तुमच्यासाठी ती लांबची ठरेल. डॉटनेट माउई या मायक्रोसॉफ्टच्या साधनाचा विचार सी शार्प ही भाषा येत असेल तरच करावा.

डेस्कटॉपसाठी इलेक्ट्रॉन आणि टाउरी यांतला फरक आकाराचा म्हणून सांगितला जातो, आणि तो आहेच, कारण इलेक्ट्रॉन प्रत्येक ॲपबरोबर क्रोमियम हा ब्राउझर आणि नोड हा जावास्क्रिप्ट चालवणारा कार्यक्रम घेऊन येतो. मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो दुसरा फरक: टाउरी ऑपरेटिंग सिस्टिममधला वेबव्ह्यू, म्हणजे ॲपच्या आत वेब पान दाखवणारा भाग, वापरतो, म्हणजे विंडोजवर क्रोमियमच्या कुळातला आणि मॅकवर वेबकिट. त्यामुळे चाचण्या दोन इंजिनांवर घ्याव्या लागतात आणि जुन्या मॅकवर वेबकिटही जुनेच मिळते. तुम्ही ब्राउझरसाठी सफारीवर चाचणी घेणारच आहात, म्हणून टाउरीचे हे ओझे तुमच्यासाठी कमी आहे. कोणतेही कवच घेतले, तरी डेस्कटॉपवर डेटाबेस वेबव्ह्यूच्या आत ठेवू नये; रस्टच्या (टाउरीच्या मूळ भाषेच्या) किंवा नोडच्या बाजूला खऱ्या फाइलमध्ये ठेवावा. खिडकी बंद केल्यावरही सूचना वाजण्यासाठी ॲप ट्रेमध्ये चालू राहावे लागते, आणि ही गोष्ट वापरणाऱ्याला सांगून, त्याच्या संमतीने करावी.

होम स्क्रीनवरचे विजेट हा यातला एक भाग आहे जिथे कोणतेही फ्रेमवर्क पूर्णपणे मदत करत नाही. आयओएसवर ते स्विफ्टयूआयमध्येच लिहावे लागते आणि अँड्रॉइडवर त्याचे वेगळे, मर्यादित घटक आहेत. कामांच्या ॲपमध्ये विजेट ही हौस नसते, कित्येक जण दिवसभर ॲप न उघडता तेवढेच पाहतात, म्हणून त्यासाठी मूळ भाषेतले थोडे कोड लिहिण्याची तयारी ठेवावी. विजेटला डेटा दिसावा यासाठी एसक्यूलाइटची मुख्य फाइल सामायिक फोल्डरमध्ये हलवण्याचा मोह होतो. आयओएसवर ॲप निद्रिस्त होताना त्या सामायिक फाइलवर त्याचे कुलूप राहिले असेल, तर प्रणाली ते ॲप बंद करते. मुख्य डेटाबेस ॲपच्या खासगी जागेतच ठेवून, विजेटला लागणारी आजची दहा-वीस कामे एका लहान फाइलमध्ये लिहून देणे अधिक सुरक्षित आहे.

कामाचा क्रम मी असा ठेवीन. आधी पडद्याशिवायचा गाभा लिहावा आणि त्याची चाचणी यादृच्छिक घटनांनी घ्यावी: तीन काल्पनिक उपकरणे, मनमानी बदल, मध्येच तुटणारा संपर्क, दोनदा पोहोचणारे संदेश, पुढे-मागे गेलेली घड्याळे, आणि शेवटी तिन्ही उपकरणांवरची यादी अक्षरशः एकच आहे का, एवढीच तपासणी. दोष सापडला की यादृच्छिकतेचे बीज, म्हणजे ज्या संख्येवरून त्या घटना तयार झाल्या ती संख्या, जपून ठेवावे, म्हणजे तो हवा तेव्हा पुन्हा घडवता येतो. मग वेब ॲप, त्यानंतर अँड्रॉइड आणि आयओएस, आणि डेस्कटॉपचे कवच सर्वांत शेवटी. कामांमधली परस्परावलंबने, कालपट्ट्या आणि अहवाल पहिल्या वर्षात घेऊ नयेत. एका पातळीची उपकामे पुरतात.

एक बाब पहिल्याच प्रकाशनात असावी, कारण नंतर ती जोडता येत नाही. लोक ॲप अद्ययावत करायला महिनोन्महिने लावतात, त्यामुळे जुन्या आवृत्तीचा फोन आणि नव्या आवृत्तीचा सर्व्हर कायम एकत्र नांदणार. जुन्या ॲपला न कळणारा रकाना आला, तर त्याने तो टाकून न देता जसाच्या तसा जपून ठेवावा, आणि प्रत्येक संदेशात रचनेची आवृत्ती पाठवावी, म्हणजे फारच जुन्या ॲपला सर्व्हर ‘आता अद्ययावत केल्याशिवाय बदल स्वीकारता येणार नाहीत’ असे नीट सांगू शकेल. असे सांगितल्यावरही त्या फोनवरचे न पाठवलेले बदल सुरक्षित राहिले पाहिजेत आणि अद्ययावत झाल्यावर ते पुढे गेले पाहिजेत. सर्व कामे साध्या फाइलमध्ये उतरवून घेण्याची सोयही त्याच प्रकाशनात द्यावी. मे २०२० मध्ये वंडरलिस्ट हे कामांच्या याद्यांचे ॲप बंद झाले, तेव्हा लोकांना वर्षानुवर्षांच्या याद्या घेऊन दुसरीकडे जावे लागले. तुमच्या ॲपमध्ये कोणी आपली रोजची कामे सोपवणार असेल, तर ती परत नेण्याचा मार्ग त्याला सेटिंगच्या पहिल्याच पानावर दिसला पाहिजे.